आईची चिठ्ठी

सुनेनं आज कपाट आवरताना जुना चहाचा डबा उघडला. आत ठेवलेल्या लवंगांचा वास आला आणि मी एकदम दोंडाईच्याला जाऊन पोचले.

माझे वडील, आबा, तिथे ख्रिस्ती मंडळीचे प्रचारक होते. नवीन वर्षाच्या सकाळी ते हा डबा सगळ्यांपुढे धरत. आत बायबलातली वचनं लिहिलेल्या चिठ्ठ्या असत, कसर लागू नये म्हणून लवंगांसोबत ठेवलेल्या. हाती येईल ते देवानं आपल्याला वर्षभरासाठी दिलेलं वचन, आणि देव दिलेला शब्द मोडत नाही, असं आबा सांगत.

त्या वर्षी आई मानमोडीच्या साथीत तापानं अंथरुणाला खिळली होती. आबांनी डबा फक्त तिच्यापुढे धरला आणि तिनं चिठ्ठी काढली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचली. देव तुला बरं करील, असं वचन होतं.

"मंग मी बरी व्हसू," आई म्हणाली आणि कित्येक दिवसांनी तिनं कळण्याची भाकरी मागितली.

संक्रांतीआधीच ती गेली.

देवावरच्या रागानं मी डबा जमिनीवर उपडा केला. सगळ्या चिठ्ठ्यांवर तेच एक वचन होतं, आबांच्या अक्षरात, ताज्या शाईनं लिहिलेलं.

"आबा, सगळ्या सारख्याच?"

आबा खाली बसून चिठ्ठ्या वेचू लागले. "दुसरी निघाली असती तर?" एवढंच म्हणाले.

त्यांची भीती आता मला कळते. देवावरचा रागही कधीच गेला, कारण त्यानं आईला तसा शब्द दिलाच नव्हता. दिला होता आबांनी, आणि तो तिला माझ्या तोंडून ऐकवला होता.