परक्या गवताची ॲलर्जी

पुण्यात शिकत असताना पावसाळा संपता संपता काँग्रेस गवत फुललं की माझं नाक वाहायला लागायचं. आयर्लंडला एमएस्सीसाठी आले आणि हे सगळं थांबलं. इथे ते गवतच नाही. सुरुवातीचे उन्हाळे मी कॅम्पसच्या हिरवळीवर चक्क लोळून काढले. आईला फोनवर सांगितलंसुद्धा, "माझी ॲलर्जी गेली गं."

पुढे औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली, इंजेक्शनच्या बाटल्या भरण्याच्या विभागात. तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, मास्क, गॉगल. एका जूनमध्ये छान ऊन पडलं, आसपासच्या शेतांत गवताची कापणी सुरू झाली आणि त्या पोशाखात मला शिंक आली. मग शिंका थांबेचनात. मास्क ओला झाला. शिंकणाऱ्याने बाहेर यायचं, असा नियमच आहे. मी बाहेर आले, सगळं बदलून पुन्हा आत गेले, पुन्हा तेच.

माझी सुपरवायझर किलकेनीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. ती शांतपणे म्हणाली, "हा हे-फीवर, गवताची ॲलर्जी. यू आर ग्रँड, काही काळजी नको. पण ऑगस्टपर्यंत आत जाऊ नकोस."

तो उन्हाळा मी टेबलाशी बसून कागद तपासत काढला, आणि त्याच्या पुढचाही. गोळ्यांनी शिंका कमी व्हायच्या, पण बंद होत नव्हत्या. मला आवडणारं काम काचेपलीकडे चालायचं आणि मी अलीकडे. चिडचिड व्हायची.

डॉक्टर म्हणाले, "बाहेरून आलेल्या बऱ्याच जणांचं असं होतं. नव्या परागकणांची ओळख व्हायला शरीराला काही वर्षं लागतात. मग ते एकदम हरकत घेतं."

"आणि मी परत गेले तर?"

"तिथे जुनी ॲलर्जी असेलच की," ते हसून म्हणाले.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये आई सांगलीहून माझ्या आणि नवऱ्याच्या ॲडम्सटाउनच्या घरी राहायला आली. एका दुपारी तिने सफरचंद चिरून दिलं. दोन फोडी खाल्ल्या आणि माझे ओठ, टाळू, घसा खाजायला लागला.

"सफरचंदानं कुणाला खाज सुटतीय का?" आईचा विश्वासच बसेना.

सुटते. वसंतात इथे बर्च झाडांचे परागकण उडतात. त्यांच्यातलं आणि सफरचंदातलं एक प्रथिन इतकं सारखं असतं, की शरीर फसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. शिजवलेलं मात्र चालतं. हे कळल्यावर आईने सफरचंद घालून शिरा करायचा सपाटा लावला. शेवटी मीच पुरे म्हटलं.

एकदा शिरा परतता परतता ती म्हणाली, "मला तर लग्नानंतर शिंका सुरू झाल्या. साठीनंतर कधी थांबल्या, माझ्या बी ध्यानात आलं नाही."

माझ्याही आलं नव्हतं. लहानपणी रोज पहाटे तिच्या शिंकांनी मला जाग यायची. त्या बंद झाल्याचं मी तिला कधी विचारलंच नाही.

त्या हिवाळ्यात मी जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांचा कोर्स सुरू केला. त्यात गवताचे परागकणच असतात, शरीराला सवय व्हावी म्हणून. पहिली गोळी दवाखान्यातच घ्यायची होती. घशाला खाज सुटली, कानात गुदगुल्या झाल्या, नर्सने बसवून ठेवलं. रोज एक, तीन वर्षं. पहिल्या उन्हाळ्यात फारसा फरक पडला नाही. मी सोडून देणार होते, पण नवऱ्याने प्रेसमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटात, चहाच्या डब्याला टेकून पाकीट ठेवलं. चहा काही मी चुकवत नाही.

कोर्सच्या तिसऱ्या उन्हाळ्यात, जूनमध्ये, मी पोशाख चढवून आत गेले आणि शिफ्ट संपेपर्यंत आतच राहिले. बाहेर आल्यावर सुपरवायझरने नुसतं "वेल?" विचारलं. मी म्हटलं, "काही नाही झालं." मग लॉकरपाशी बसून थोडी रडले. डोळे लाल बघून तिला वाटलं, पुन्हा सुरू झालं.

कोर्स संपूनही आता काही वर्षं झाली. परिणाम टिकेल, कदाचित हळूहळू ओसरेलही, असं डॉक्टर म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात मोजके दिवस शिंका आल्या, त्याही संध्याकाळी, घरी.