दादासाठी, बिनसाखरेची

बिस्किटं करायला अगदी सोपी आहेत. तिथेच तर वाट लागली. अवघड असती तर मी एकदा करून सोडून दिली असती.

खजुराच्या बिया काढायच्या. सुकी अंजिरं कोमट पाण्यात तासभर भिजवायची. एक पिकलेला पेरू उकडून चाळणीतून गाळायचा. तिन्ही कढईत घालून मंद आचेवर परतायचं, चमचा उभा राहिला की सारण झालं. कणकेत तूप फेसून घालायचं, चिमूटभर मीठ, वेलची, लागेल तसं दूध. गोळा थोडा वेळ फ्रिजमध्ये. मग लांबट पोळी लाटायची, मधोमध सारणाची वळकटी ठेवायची, दोन्ही कडा वर घेऊन मिटवायच्या आणि सुरीने दोन-दोन बोटांचे तुकडे पाडायचे. ओव्हनमध्ये वीस-पंचवीस मिनिटं. ज्या बाईला करंजी येते तिला हे डोळे मिटून जमेल.

मूळ बिस्किटं आईची. आई बोरिवलीला एका म्हाताऱ्या शिक्षिकेकडे स्वयंपाकाला जायची, पेरूचं सारण तिथेच शिकली. आम्ही मूळचे अकोल्याकडचे. दर वर्षी अशोक विजयादशमीला आमचं सगळं घर नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, आणि त्या प्रवासात पोळ्या दुसऱ्या दिवशी वातड व्हायच्या. बिस्किटं आठ-दहा दिवस टिकायची. तेव्हा घरात कुठला आलाय ओव्हन! मैदा, तूप, पिठीसाखर आणि सारणाचा डबा घेऊन आई कांदिवलीच्या बेकरीत जायची आणि भट्टीसमोर फळकुटावर बसून राहायची, बेकरीवाला आपलं तूप मारेल म्हणून. दहा घरांचे पत्रे एकाच भट्टीत जायचे. आपला पत्रा ओळखू यावा म्हणून आई प्रत्येक बिस्किटावर अंगठा दाबायची. घरी आल्यावर दादा पहिलं बिस्कीट उचलायचा आणि आईच्या अंगठ्याच्या खळग्यात आपला अंगठा बसतो का ते बघायचा. लहानपणी कधी बसला नाही. त्याचा अंगठा मोठा झाला तोवर आई थकली होती.

आई गेली, बेकरी गेली, तिथे आता टॉवर आहे. मी कांदिवलीतच राहिले, एकटी, नोकरीवर. दादा मुलुंडला. तो बस चालवायचा. वहिनी गेल्यापासून घरात तो आणि त्याची मुलगी, दोघंच. भाची चोवीस वर्षांची आहे, एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसते, बोलते कमी.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात दादाची शुगर निघाली. म्हणजे होती आधीपासूनच, पण अंगावर काढली होती. ड्रायव्हरांची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरने खडसावलं, गोड सगळं बंद, गोळ्या वेळेवर, आणि आकडा खाली आला नाही तर स्टीअरिंग विसरा. रिटायर व्हायला चार वर्षं राहिली होती. दादा घाबरला. मी त्याला आयुष्यात दोनदाच घाबरलेला पाहिलाय, त्यातली ही पहिली वेळ.

"मग नागपूरला जाताना खायचं काय गं मी? दुधी?" फोनवर म्हणाला.

"रडू नकोस रे लहान पोरासारखा," मी म्हटलं. "मी आहे ना."

मी आहे ना! काय तो तोरा. मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री. ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची सूत्रं पाठ करून पास झालेली बाई. पण आमच्या ऑफिसच्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता, की फळातली साखर निसर्गाची असते, ती रक्तात चढत नाही, साखरेऐवजी खजूर-अंजीर घाला आणि पोटभर खा. खाली फुलं आणि हात जोडलेले. माझी अख्खी पदवी त्या फुलांपुढे झोपली. मैद्याऐवजी कणीक घेतली, साखरेऐवजी दुप्पट खजूर घातला आणि स्वतःवरच खूश झाले. डब्यावर कागद चिकटवून मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दादासाठी, बिनसाखरेची'.

पहिला डबा घेऊन मुलुंडला गेले. दादाने एक तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"आईची झाली की गं! हे चालतं ना मला, नक्की?"

"खा रे बिनधास्त. साखरेचा एक कण नाही त्यात."

हे वाक्य मी बोलले. माझ्या तोंडाने, हसत हसत.

भाची दारात उभी होती. ती म्हणाली, "आत्या, पण पप्पांना खजूर चालतो का गं? आमच्या क्लिनिकमध्ये तर..."

"तू मला शिकवू नकोस," मी तिला तिथेच तोडलं. "बी.एस्सी. मी आहे का तू?"

ती आत निघून गेली. माझा स्वभावच असा. ऑफिसात मला कोणी चूक दाखवली की मी आधी आवाज चढवते, मग बघते काय चूक आहे. त्या दिवशी तर बघितलंही नाही.

दादा आठवड्याला दोन डबे संपवायचा. सकाळी चहाबरोबर, ड्यूटीला जाताना खिशात, दिंडोशी डेपोत गाडी उभी राहिली की कंडक्टरबरोबर वाटून. चहात मात्र साखरेचा दाणा नाही, इतका पक्का. मला अभिमानाने सांगायचा, "जिलबी समोर आली ना, हात लावला नाही मी." गोळ्या मधूनमधून विसरायचा. गोड बंदच आहे, मग काय, असं त्याचं गणित. ते गणित त्याला मीच शिकवलं होतं.

दसऱ्याला तो नागपूरला गेला, पांढरे कपडे, नव्या कोऱ्या चामड्याच्या चपला, पिशवीत माझे दोन डबे. मला सुट्टी मिळाली नाही. तिथे दोन दिवस चाल चाल चालला. उजव्या अंगठ्याला चप्पल लागली, फोड आला, फुटला, आणि याला पत्ताच नाही. दुखतच नव्हतं. शुगरच्या माणसाच्या पायाला कळायचं बंद होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणायलाही लाज वाटते. परत आल्यावर सहा दिवस त्याच पायाने त्याने बस चालवली. सातव्या दिवशी भाचीला मोज्याचा वास आला म्हणून तिने तो जबरदस्तीने काढला. अंगठा काळा पडला होता.

हॉस्पिटलात आधी अंगठा काढला. मग चार दिवसांनी गुडघ्याखाली पाय. उजवा, ब्रेकचा. सही करताना दादाने माझा हात धरला आणि विचारलं, "गाडी चालवता येईल ना गं नंतर?" ती त्याच्या घाबरण्याची दुसरी वेळ. मी म्हटलं, "येईल रे." तेही खोटंच.

दोन ऑपरेशनांच्या मधल्या दिवसांत आहाराचं सांगणारी एक मुलगी फॉर्म घेऊन आली. खाण्यात काय काय होतं, तिने विचारलं.

"साखर नाही हो मॅडम," दादा म्हणाला. "दीड महिना तोंडात घातली नाही. ही माझी बहीण, हीच बिनसाखरेची बिस्किटं करून देते."

"कशाची करता?" तिने मला विचारलं.

"कणकेची," मी म्हटलं.

खजूर हा शब्द घशापर्यंत आला आणि मी तो गिळला. नंतर व्हरांड्यात तिला गाठलं आणि दुसऱ्याच कुणाबद्दल विचारल्यासारखं विचारलं, शुगर असलेल्याने खजूर किती खाल्लेला चालतो? ती म्हणाली, खायचाच तर एखादा, तोही विचारून. शेवटी साखर ती साखरच. दादाच्या पोटात रोज पंधरा-वीस तरी जात होते. मी तिथेच बाकड्यावर बसले. आत जाऊन सांगायला हवं होतं. उठले आणि खाली जाऊन चहा प्यायले.

आता कोणी म्हणेल, बिस्किटांनी काय पाय जातो का? कुठला डॉक्टर तसं म्हणणार नाही, मलाही ठाऊक आहे. जुनी शुगर, विसरलेल्या गोळ्या, चप्पल, सगळं मिळून गेला. पण त्या सगळ्यात माझा डबा होता, आणि वर कागद चिकटवलेला होता.

वर्षभर मी मूग गिळून बसले. दादा घरात कुबड्यांवर फिरायला शिकला, नकली पाय लावायला शिकला, बसपास घेऊन बसमध्ये बसायला शिकला, तेही मागच्या सीटवर, ड्रायव्हर दिसू नये म्हणून. आल्यागेल्याला तो एकच गोष्ट सांगायचा, त्या चपलांनी घात केला. मी शेजारी बसून म्हणायचे, "हो ना, फार कडक होत्या." भाची तेव्हा माझ्याकडे बघायची. तिने एकदा जरी म्हटलं असतं ना, आत्या, मी सांगितलं होतं, तर मला सुटल्यासारखं झालं असतं.

या ऑक्टोबरात दादाचा फोन आला.

"ऐक. माझा कंडक्टर आहे ना, त्याला पण शुगर निघाली. तो नागपूरला चाललाय. मी तर जाऊ शकत नाही. त्याला एक डबा करून दे तुझ्या बिस्किटांचा, माझ्याकडून. मी त्याला सांगितलंय, माझी बहीण करते, साखरेचा एक कण नाही त्यात."

माझंच वाक्य, जसंच्या तसं. मी म्हटलं, "बरं."

बरं म्हटलं आणि खरंच केली हो मी! खजूर आणला, अंजीर भिजवलं, पेरू गाळला. मनात म्हणत होते, आता फोन करते, पोळी लाटून झाली की करते, ओव्हन लागला की करते. घरभर आईच्या बेकरीचा वास सुटला आणि मी डबा भरला. जुना कागद अजून चिकटलेला होता. दादासाठी, बिनसाखरेची. इतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही.

मुलुंडला पोचले तेव्हा चार वाजले होते. कंडक्टर पाचला येणार होता. दादाने डबा मांडीवर घेतला, झाकण उघडलं, नाक आत घातलं.

"आहाहा! वर्ष झालं गं. एक घेतो, तो काय मोजणार आहे."

त्याने बिस्कीट उचललं. अंगठा वर ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा. आणि मी ते त्याच्या हातातून हिसकावलं. डबा खाली पडला, बिस्किटं फरशीभर झाली.

"अगं! वेडी झालीस काय?"

"त्यात साखर आहे, दादा."

"चुकून पडली की काय?"

"चुकून नाही. खजुराची. पहिल्यापासून आहे. साखरेपेक्षा कमी नाही. तू रोज तेच खात होतास. मी खायला घालत होते."

स्वयंपाकघरातून भाची बाहेर आली आणि दारात थांबली, त्या दिवशी थांबली होती तिथेच.

"तुला कधी कळलं?" दादाने विचारलं.

"हॉस्पिटलात."

"पाय काढायच्या आधी?"

"हो."

"आणि मी चपलांना शिव्या घालत होतो तेव्हा तू काय म्हणायचीस?"

मी काय म्हणायचे ते त्याला पाठ होतं. मला वाटलं होतं तो ओरडेल, आम्ही दोघंही ओरडणारी माणसं. ओरडला असता तर मी उलट ओरडून रडले असते. त्याने फोन उचलला आणि कंडक्टरला लावला.

"जय भीम. अरे, येऊ नकोस आज. ती बिस्किटं नाही चालायची तुला. नाही, खराब नाही झाली. साखर आहे त्यात." समोरून काहीतरी विचारलं असावं. दादा म्हणाला, "हो, गेल्या वर्षी आपण खाल्ली त्यातही होती."

फोन ठेवून त्याने टीव्ही लावला. मी फरशीवर बसून बिस्किटं गोळा केली. माफ कर म्हटलं, दोनदा म्हटलं. तो म्हणाला, "ऊठ, गुडघे दुखतील तुझे." भाचीने माझ्या हातातून डबा घेतला, बिस्किटं कचऱ्यात टाकली आणि डबा गरम पाण्यात बुडवून कागद खरवडून काढला.

मी अजून रविवारी मुलुंडला जाते. दादा माझ्याशी बोलतो, ऑफिसचं विचारतो, चिडवतोही अधूनमधून. पूर्वीसारखाच म्हणतो, आलीयस तर काहीतरी कर खायला. मी कधी मेथीची भाजी करते, कधी पिठलं. भाजीत साखर नसतेच, तरी करताना चार वेळा डबे बघते.

ताट मी त्याच्यासमोर ठेवते. तो हात धुऊन बसतो, भाकरी मोडतो, आणि घास घेण्याआधी एकदा मुलीकडे बघतो. ती मान हलवते. मग तो जेवतो.