दादा नको म्हणतात

माझ्या थोरल्या भावानं उभ्या आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. तरीही आमच्या गावात सगळ्यात कडक आणि खडूस माणूस कोण असं विचारलं असतं, तर लोकांनी त्याच्याकडंच बोट दाखवलं असतं. ते बोट तिकडं वळवलं मी. बावन्न वर्षांचा झालोय, आता सांगून टाकतो.

आमचं गाव सोनईच्या अलीकडं. शेती एकत्र, म्हशी एकत्र, ट्रॅक्टर दोघांत एक, आणि वहिनी गेल्यापासून दादाचं ताटही आमच्याच घरात. एकत्र घरात धाकट्याला एक मोठी सोय असते. कुणी काही मागितलं की म्हणायचं, "थोरल्यांना विचारून सांगतो." लोकांना त्यात वावगं वाटत नाही, उलट धाकटा मर्यादेत आहे म्हणून कौतुक होतं. मी त्यातलं फक्त विचारायचं तेवढं गाळलं.

पहिल्यांदा मागितली होती ती शिडी. शेजारच्या मावशींना घराची कौलं शाकारायची होती. शिडी नवी होती, मला द्यायची नव्हती, आणि तसं तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पडेल चेहऱ्यानं गेलो. "मावशी, माझी ना नाही. पण दादा नको म्हणतात."

मावशी म्हणाल्या, "असू दे बापू, तुमी तरी काय करणार!" आणि वर चहा पाजला.

'नाही' म्हणायचं आणि वर चहा प्यायचा! अशी युक्ती माणसाला एकदा सापडली की सुटत नाही. फवारणीचा पंप, ट्रॉली, गणपतीच्या मंडपासाठी पडवी, सगळ्याला दादा नको म्हणू लागले. कुणी कारण विचारलंच तर मी आवाज खाली आणून म्हणायचो, "त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे." माहीत कुणालाच नव्हता, पण आपल्याला माहीत नाही हे कोण कबूल करणार? सगळे माना डोलवायचे. शिवाय देवानं दादाला भुवया दाट दिल्यात आणि बोलणं कमी. माझं निम्मं काम त्या भुवयांनीच केलं.

हळूहळू लोक त्याला टाळू लागले. लग्नाच्या पत्रिका मला रस्त्यात गाठून देत, "दादांना तुमीच सांगा बरं का," म्हणत. पारावर तो गेला की बसलेल्यांना एकेक काम आठवायचं. आपण लोकांशी नीट बोलत नसू, असं वाटून बिचारा मोठ्यानं राम राम घालू लागला. लोक आणखी दचकायला लागले.

हे सगळं मला दिसत होतं. मी बघत होतो, आणि पुढचा चहा पीत होतो.

यंदा गावच्या दूध संस्थेची निवडणूक लागली, आणि दादा एकदम म्हणाला, "मी संचालकाला उभा राहतो."

"कशाला दादा?"

"फॅट मोजायचं मशीन धड न्हाई, ते बदलू." मग जरा थांबून, वैरण सारत म्हणाला, "अन् चार माणसांत बसाया मिळंल."

अर्जावर दोन सभासदांच्या सह्या लागत होत्या, एक सूचकाची, एक अनुमोदकाची. सूचक मी झालो. अनुमोदक म्हणजे काय, नुसती एक सही! मंगळवारी सकाळी दादा स्वच्छ टोपी घालून बाहेर पडला आणि दुपारी कोरा कागद घेऊन परत आला. कुणाचा चष्मा सापडत नव्हता, कुणाचा हात मुरगळला होता, एकानं तर आपण सही करायची सोडली असं सांगितलं. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत.

दादा ओट्यावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बापू, माझं काय चुकतं रं? मी कुणाचं काय वाकडं केलं?"

मी उठलो आणि म्हशीला पाणी दाखवलं. तिचं नुकतंच पिऊन झालं होतं.

बुधवारी सकाळीच मी संस्थेचे जुने सभासद असलेल्या तात्यांच्या घरी गेलो. तात्यांची नाराजी सगळ्यात मोठी. त्यांच्या भाचीचं स्थळ माझ्या मुलासाठी आलं होतं. मुलाच्या मनात दुसरंच होतं, आणि मी तात्यांना कळवलं होतं, दादा नको म्हणतात.

"तात्या," मी म्हणालो, "ते स्थळ दादानं मोडलं नाही. मी मोडलं. दादाला त्यातलं काही माहीतसुद्धा नाही."

तात्यांनी माझ्याकडं टक लावून बघितलं. मग आत हाक मारली, "अगं, चहा टाक! भाऊ असावा तर असा. थोरल्याचं पाप सोताच्या डोक्यावर घेतोय!"

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सही मात्र दिली नाही.

मावशींकडं गेलो. शिडीचं कबूल केलं. मावशी म्हणाल्या, "त्यानंच पाठवलं न्हवं तुमाला? लई राबवतो बाई गरिबाला." दुपारपर्यंत गावात झालं की दादानं सहीसाठी धाकट्याला दारोदार नाक घासायला लावलं. माझ्या कबुलीनं त्याची होती तेवढी अब्रूही गेली, आणि माझ्या पोटात तीन कप चहा गेला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"म्हणजे कोकणात जायचं ठरलं होतं तेव्हा मोठे भाऊजी नको म्हणाले..."

"ते मीच."

"माझ्या भावाच्या वास्तुशांतीला मुक्काम नको म्हणाले ते?"

"तेही."

"अहो, मी त्या माणसाला इतकी वर्षं राग धरून करपलेली भाकरी वाढतेय!" तिनं पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवले. "अन् ते म्हणतात, खरपूस झालीय. आता माझ्यासमोर कबूल करून काय उपयोग? चारचौघांत सांगा. अन् रडका चेहरा करून सांगू नका, त्यानंच तुम्ही खरे वाटता."

बायको माझ्याबद्दल असं नेमकं बोलते तेव्हा मला ऐकू कमी येतं. त्या दिवशी आलं.

गुरुवारी संध्याकाळी दूध घालायला दादा आणि मी दोघंही गेलो. संस्थेपुढं रांग होती. तात्या होते, मावशी होत्या, निम्मं गाव होतं. दादा कॅन घेऊन भिंतीकडं उभा, आणि त्याच्या दोन्ही अंगाला हातभर जागा मोकळी.

तात्या माझ्याजवळ सरकले. "बापू, रविवारी ट्रॉली मिळंल का? शेणखत टाकायचंय." मग भिंतीकडं डोळ्यानं खुणावून, "इचारून सांगा."

'दादा' हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. चेहराही आपोआप पडायला लागला होता. मी तो आवरला.

"नाही देणार, तात्या."

"आँ?"

"मला द्यायची नाही. तुम्ही नेलेली वस्तू परत आणून देत नाही, मलाच आणायला यावं लागतं. दादाला मी विचारलेलं नाही. कधीच, कशालाच विचारलं नाही. तो इथंच उभा आहे, तुम्हीच विचारा."

रांगेतली बडबड थांबली. तात्या दादाशी किती वर्षांनी बोलत होते कोण जाणे. "काय हो," ते चाचरत म्हणाले, "ट्रॉली देता का?"

"न्या की," दादा म्हणाला. "मोकळीच हाय. ट्रॅक्टरबी न्या, बैलानं कशी वढणार?"

मावशी रांग सोडून पुढं आल्या. "अन् शिडी?"

"कंची शिडी?"

"कवलं शाकारायला मागितली हुती, तवाची!"

"मग न्यायची न्हाई व्हय?"

मागून कुणीतरी विचारलं, पंप? दादा म्हणाला, न्या. मंडपाला पडवी? त्याला आनंदच झाला, "आमच्याकडं गणपती बसवा की!" एकेक 'न्या की' झालं की चार माना माझ्याकडं वळायच्या. शेवटी तात्यांनी विचारलं, "अन् आमच्या भाचीचं स्थळ?"

"स्थळ?" दादानं माझ्याकडं बघितलं. त्या भुवया जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी वर गेल्या. "बापू, कसलं स्थळ?"

मी हातातल्या कॅनचं झाकण दाबत राहिलो. बोलायची गरजही राहिली नव्हती.

तात्या भडकले. "अन् काल माझ्या घरी चहा पिऊन गेलास तू!"

"मी चार वेळा सांगितलं, तात्या."

"तसं सांगत्यात व्हय? असलं सांगायचं तर चहा न घेता सांगायचं!"

मग त्यांनी दादाच्या खिशातला अर्ज त्याच्याच कॅनच्या झाकणावर ठेवून सही केली. मावशी म्हणाल्या, त्यांचंही नाव घाला. दुसरा अनुमोदक चालत नाही, असं सांगितलं तरी त्यांना ते पटेना.

अर्ज मंजूर झाला. दादा पुढं निवडूनही आला, निवडून आलेल्यांत सगळ्यात कमी मतांनी. प्रचाराला मला कुणी बोलावलं नाही. मी गेलो असतो तर होती ती मतंही गेली असती. मी घरी म्हशी बघत होतो आणि रस्त्यानं जाणारे माझ्याकडं न बघता पुढं जात होते. लोक रस्त्यानं जाताना बघत नाहीत, म्हणजे नेमकं काय होतं, ते मला तेव्हा कळलं. त्या गुरुवारनंतर दादा माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो गावातून आला आणि ओट्यावर टेकला. पोहे तीन घरी झाले होते, चहाची तर मोजदादच नव्हती. पोटावरून हात फिरवत म्हणाला, "तात्यांच्या पडवीत झोपाळा हाय. तुला ठाव हुतं का?"

"होतं."

"रुंद पाटाचा हाय. दोघं ऐसपैस बसत्यात. मी अर्धा घंटा बसलो. तात्या उठूच देईनात."   त्या झोपाळ्यावर मी किती वर्षं बसत आलो, हे त्याला आता सांगायची गरज नव्हती.

"दादा, माझं चुकलं," मी म्हणालो.

"व्हय, चुकलं," दादा म्हणाला. मग खिशातून मतदारांची यादी काढली, चष्मा लावला, आणि उद्या कुणाकुणाच्या घरी जायचं त्यावर पेन्सिलीनं खुणा करत बसला.