धरलेलं पाणी

साहेब दगड जिभेला लावून बघायचे. बोअरमधून वर आलेली कपची धुवायची, पँटीला पुसायची आणि जिभेच्या टोकावर टेकवायची. चिकटली की तोंड वाकडं करायचे. "ही पाणी पिऊन बसलीय. देणार नाही." नाही चिकटली तर कपची खिशात. खिसे कायम फाटलेले.

बाहत्तरच्या दुष्काळात सरकारी बोअरच्या गाडीवर मी त्यांच्या हाताखाली रोजंदारीवर होतो. शाळा माझी दुसरीपर्यंत. काम एकच, रहाटावरची केबल बोअरमध्ये सोडायची आणि वर ओढायची. केबलच्या टोकाला जड नळकांडं, आणि दर पाच फुटांवर मापाची चिंधी. चिंधी बोअरच्या तोंडाशी आली की मी आकडा ओरडायचा, साहेब यंत्राच्या डब्यावरचा काटा बघून कागदावर ठिपका द्यायचे. ठिपके जोडून जी वेडीवाकडी रेघ व्हायची, तिच्यावरून ते सांगायचे, किती फुटांवर काळा दगड, किती फुटांवर लाल माती, पाणी कुठं.

"पाणी असणं वेगळं, पाणी देणं वेगळं, पैलवान." हे दिवसातून चारदा. मी काटकुळा, म्हणून पैलवान.

एकदा भाकरी खाताना म्हणाले, "परदेशात तेलाच्या विहिरीत चुंबकाचं यंत्र सोडतात. दगडातलं पाणी मोकळं आहे की धरून ठेवलेलं, ते त्यातून ओळखता येतं."

"चुंबकाला लोखंड चिकटतं साहेब, पानी कसं चिकटंल?"

हसून ठसका लागला त्यांना. "चिकटत नाही रे. चुंबकानं पाणी नुसतं ढवळायचं. मोकळं असेल तर बराच वेळ डोलत राहतं. मातीनं धरलेलं लगेच गप्प होतं." मग डब्यावर थाप मारून म्हणाले, "आपल्याला हा काटा, ही जीभ आणि तुझे आकडे. एवढ्यावरच भागवायचं."

माझे आकडे. तेच सांगायचंय.

तिसगावच्या अलीकडं बायकोचं माहेर. त्या गावाला बोअर मंजूर झाली. आदल्या दिवशी केबल टोकाला पिचली, म्हणून साहेबांनी आठ फूट कापून नळकांडं पुन्हा जोडलं. म्हणाले, "पैलवान, आता सगळ्या चिंध्या सरकल्या. फीत लावून नव्यानं बांध." मी हो म्हटलं आणि लिंबाखाली आडवा झालो. डोळा लागला तो लागलाच. कारण दुसरं काही नव्हतं. आळस.

दुसऱ्या दिवशी जुन्याच चिंध्यांवर आकडे ओरडलो. नळकांडं आकड्यापेक्षा आठ फूट वरच असायचं, म्हणून साहेबांच्या कागदावर सगळे थर आठ फूट खाली गेले. तिथली लाल माती ढासळणारी, म्हणून भोकाला वरपासून खालपर्यंत लोखंडी पाइप घातला. पाणी आत यायला पाण्याच्या थरासमोर तेवढा जाळीचा तुकडा. तो बसला आठ फूट खाली, लाल मातीसमोर.

दोन दिवस लाल गढूळ पाणी आलं, मग तेही बंद. गाव गोळा झालं. माझा मेव्हणा सगळ्यांच्या पुढं. "साहेब, बिनसाखरेचा च्या पाजताय व्हय आमाला?" दुसरा कोणी म्हणाला, "दगड चाटून पानी घावतंय तर आमची म्हस घ्या की नोकरीला!"

साहेब कागद धरून उभे. माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "आकडे बरोबर होते ना, पैलवान?"

"व्हय साहेब."

त्यांनी एकदाही पुन्हा विचारलं नाही. गावाकडं तोंड करून म्हणाले, "माझं वाचन चुकलं. माफ करा."

गाडी पुढच्या गावाला निघाली. यादी मोठी होती, एका गावाला दुसरी बोअर मिळत नव्हती. माझी सासू त्या उन्हाळ्यात दोन कोसांवरून पाणी आणत राहिली. बायकोनं विचारलं, "आवं, तुमी हुता ना तिथं? साहेब कसं चुकलं?" मी म्हटलं, "मानूस हाय, चुकतंय." तिला ते पटलं. माझं सगळंच पटायचं तिला.

पुढच्या दिवाळीत मनाचा हिय्या करून साहेबांना खरं सांगायला नगरच्या कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, "बदली झाली. तक्रार होती त्यांच्यावर." कुठं बदली, हेही मी विचारलं नाही. सुटल्यासारखं वाटलं, हे खरं सांगतो.

गेल्या महिन्यात बायको गेली. दहाव्याला मेव्हणा जेवायला बसला. ऐंशीचा झालाय. जुन्या गोष्टी निघाल्या. म्हणाला, "दाजी, त्या साहेबाला काय बी कळत नव्हतं बघा. आमची आय पानी वाहून वाहून वाकली."

"त्याला कळत हुतं," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. लिंबाखालची झोपसुद्धा.

मेव्हण्यानं हातातला घास पानात ठेवला. "आक्काला ठाव हुतं?"

"न्हाई."

तो भरल्या पानावरून उठला, काठी घेतली आणि चालता झाला.

साहेबांना कळवायचं तर पत्ता नाही. हयात आहेत का, तेही ठाऊक नाही. त्या गावात अजून त्यांच्याच नावानं खडे फोडतात. आता मेव्हणा सांगेल गावाला.