काश्यप गोत्राची बोट

नवस फेडायचा राहिला की घरात किस्से साठत जातात. आमच्या वैजूला टायफॉइड झाला तेव्हा मी बोलले होते, "पोर उठली तर आम्ही दोघं जोडीने सत्यनारायणाला बसू." पोर उठली, शाळेत जाऊ लागली, तिचे पुढचे दात पडून नवे आले. ह्यांचा पाय काही पाटाकडे वळेना. "तू बस, मी प्रसाद खातो," एवढीच ह्यांची भक्ती. जोडीने बसायचा नवस एकटीने कसा फेडू?

*

आमचे हे सिल्वासात पॉलिएस्टर सुताच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर. मूळ नाशिकचे, होडीत पाय ठेवला की ओकारी. पण त्र्याऐंशी साली ह्यांना शिडाच्या बोटींच्या शर्यतीचं वेड लागलं. का, तर ती शिडं पॉलिएस्टरची. "अगं, आपल्याच जातीचं सूत!" तिकडे ऑस्ट्रेलियाची बोट शंभरावर वर्षं न हरलेल्या अमेरिकेशी झुंजत होती, इकडे सकाळचा चहा ट्रान्झिस्टरपुढे गार होत होता.

एकदा तर परातीत पाणी ओतून त्यात लिंबाची दोन सालं सोडली, त्यांना कागदाची शिडं लावली आणि फुंकर मारत बसले.

"अहो, कणीक कशात मळू?"

"जरा थांब. वारा पडलाय."

*

सातपैकी चार शर्यती जिंकायच्या होत्या. अमेरिका तीन, आपली एक. "आपली" हा ह्यांचा शब्द. शेजारचे जयंतीभाई चहाला आले होते. मी हळूच विचारलं, "पूजेचा दिवस काढू का?"

हे वैतागून म्हणाले, "ही बोट इथून जिंकली तर सोवळं नेसून बसतो!"

जयंतीभाईंनी बशी खाली ठेवली. "भाभी, मैं साक्षी."

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी महादेवाच्या देवळात अभिषेक सांगितला. नरोलीहून सायकलवर येणारे भटजी संकल्पाला बसले.

"कोणाच्या नावाने?"

"एका बोटीच्या."

भटजींनी माझ्याकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं. "गोत्र?"

"ते नाही हो माहीत."

"मग काश्यप," असं म्हणून त्यांनी पाणी सोडलं. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात.

*

तीन-दोन झालं तेव्हा हे शीळ घालत कामावर गेले. तीन-तीन झालं तेव्हा ताटावर नुसता भात चिवडत बसले.

"जिंकावी असं फार वाटतं गं. पण..."

"पण काय?"

"सोवळं टोचतं."

*

निकालाच्या सकाळी ट्रान्झिस्टर बंद. त्याचे सेल आदल्या दिवशी मीच गच्चीत उन्हाला ठेवले होते, तापले की चार दिवस जास्त चालतात म्हणून. ते रात्रभर तिथेच राहून दवाने चिंब! हे माझ्यावर ओरडले, पण चेहऱ्यावर सुटका दिसत होती. तेवढ्यात भिंतीपलीकडून जयंतीभाईंचा आवाज आला, "भाभी, पाट मांडो! पीछे थी, आखिर में आगे निकल गई!"

हे पायरीवर बसले. हसत होते की रडत होते, कळेना.

*

पितृपक्ष सरला, कोजागिरीला पूजा झाली. हे सोवळं नेसून माझ्या शेजारी बसले. मी मनातल्या मनात वैजूच्या उशाशी जाऊन आले. पोथीत वाण्याची नाव किनाऱ्याशी बुडते, तिथे ह्यांनी हात वर केला.

"भटजी, वारा कुठून होता?"

भटजी पोथीवरून नजर न उचलता म्हणाले, "तुमच्या काश्यपांना विचारा."

प्रसाद वाटून झाल्यावर ह्यांनी आणखी एक द्रोण भरून घेतला आणि तसेच, सोवळ्यातच, दमणगंगेकडे निघाले. मी मागून गेले. ह्यांनी द्रोणाला कागदाचं शीड लावलं, बोट ओलं करून वारा पाहिला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन द्रोण सोडला. ज्या माणसाला होडीत मळमळतं, तो माणूस. द्रोण वळणाआड जाईपर्यंत हात जोडून उभे होते.

बोटीचा वाटा होता तो. तुमचाही नवस कधी फळला ना, तर प्रसादाचा एक द्रोण जास्त काढून ठेवा.