नानांची हाक

सई, परवा फोनवर तू तुझ्या प्रयोगशाळेतलं काम समजावून सांगितलंस. चरबीने गच्च भरलेली यकृताची पेशी मुकाट्याने सोसत नाही. तीच हाका मारून मदत बोलावते, धावून आलेल्यांची गर्दी होते, त्यातून सूज चढते आणि मग व्रण धरतात. फोन ठेवल्यावर मी एकटीच हसत बसले. ही पेशी माझ्या ओळखीची आहे. ती नेरळजवळच्या पोशीर गावात राहायची, धोतर नेसायची आणि आम्ही तिला नाना म्हणायचो. म्हणून आजच लिहायला घेतलं. तुझ्या भावाला, अनिकेतलाही वाचून दाखव.

तुमच्या आजोबांच्या या मावसभावाइतक्या मोठ्याने मदत मागणारा माणूस जगात झाला नाही. चष्मा सापडेना, की नाना ओट्यावर उभे राहून "आरं धावा रं!" अशी हाक देत. शेजारपाजार धावे, आणि चष्मा कुणाच्या तरी पायाखाली सापडे. एकदा खेकड्याने भातशेताच्या बांधाला भोक पाडलं. काम मूठभर चिखलाचं. पण हाकेसरशी अर्धं गाव फावडी-घमेली घेऊन आलं आणि उत्साहाच्या भरात इतके दगड आणि मुरूम ओतून गेलं, की खाचराचा तो कोपरा कायमचा टणक झाला. "पाणी थांबलं का नाय?" नाना छाती काढून विचारत. "थांबलं. भातबी थांबलं," नानी म्हणत.

नानांचा दुसरा छंद गोडाचा. बासुंदी ते तांब्याने पीत आणि घरापासून हाकेच्या अंतरावरच्या शेतावर बैलगाडीतून जात. तुमचे बाबा कॉलेजात असताना नानांच्या उजव्या बरगडीखाली जड वाटू लागलं. यकृत वाढलंय हे कळताच गावात कुजबूज सुरू झाली, "नाना चोरून घेतात का काय?" आणि नाना तर दारूबंदी समितीचे अध्यक्ष! मुंबईच्या डॉक्टरांनीही तेच विचारलं, तेव्हा नाना खाटेवर उभे राहून गरजले, "आयुष्यात थेंब नाय!" सारा वॉर्ड गोळा झाला. शेवटी सुईने यकृताचा कण काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, "दारू नाही, चरबी आहे. पण सूज आलीय, व्रण धरू लागलेत. असंच चाललं तर यकृत दगडासारखं होईल."

"म्हंजे आमच्या खाचरावानी?" नानींनी विचारलं.

नानांनी हळू आवाजात डॉक्टरांना पथ्य विचारून घेतलं. असं आम्ही प्रथमच पाहत होतो.

त्या दिवसापासून तांब्यात पाणी आलं, बैल रिकामे झाले आणि नाना नेरळपर्यंत पायी जाऊ लागले. पुढच्या पावसाळ्यात बांध पुन्हा झिरपला. आम्ही ओट्यावर हाकेची वाट बघत बसलो. हाक आलीच नाही. थोड्या वेळाने नाना चिखलाने माखलेले हात घेऊन आले. "भोक ल्हान हाय तवाच बुजवायचं," एवढंच म्हणाले.

नंतरच्या तपासणीत सूज ओसरलेली निघाली, चरबीही उतरली. जुने व्रण तेवढे थोडे राहिले. घरी पोचताच नाना ओट्यावर चढले आणि पूर्वीच्या आवाजात ओरडले, "आरं धावा रं!" गाव फावडी घेऊनच आलं. "थेंब नाय, आन् आता सूजबी नाय!" नानांनी जाहीर केलं आणि प्रत्येकाच्या हातावर पेढ्याऐवजी भाजलेले चणे ठेवले.

त्यानंतर नाना पुष्कळ जगले. गेले ते म्हातारपणाने, झोपेत, कुणालाही हाक न मारता. खाचराचा तो टणक कोपरा अजून आहे. त्याच्या भोवताली भात चांगलं येतं.