कुंपणावरून आतलं

आमच्या होळी गावात शेजारच्या दिनानाथची मुलगी संपदा भरदुपारी कुंपणाशी फोन कानाला लावून फेऱ्या मारत होती. केळीला पाणी देणं सोडून मी तिथे गेलो. एवढी घालमेल मी प्रेमात पडलेल्यांचीच पाहिली आहे.

"कोण तो?"

"ब्रॅकेट आहे, काका. क्रेनचा."

संपदा एका कंपनीसाठी घरूनच लोखंडी भागांवर किती ताण येईल ते कॉम्प्युटरवर काढते. वस्तूच्या आत ती शिरतच नाही. फक्त कडेचे तुकडे पाडून गणित मांडते आणि त्यावरून आतलं सांगते.

"मी कुंपणावरून तुमच्या घरातलं सांगतो तसंच की," मी एकदा म्हटलं होतं.

"हो, पण आम्ही चूक किती तेही काढतो. तुम्ही माझं लग्न दोनदा ठरवून मोकळे झालात."

त्यांची रीत अशी: शेजारच्या दोन तुकड्यांची उत्तरं जुळली नाहीत, की तिथे चूक मोठी. तेवढेच तुकडे बारीक करायचे, बाकीचे राहू द्यायचे. माझी बायको लतिका गावात चौकशी अशीच करते, दोघींचं सांगणं जुळलं नाही की तिथेच खोदते, तीही कॉलेजात न जाता.

"सरासरी चूक कमी आली म्हणून मी पास केलं," संपदा आता म्हणाली. "आज आतल्या कोपऱ्याशी तुकडे बारीक केले, तर ताण वाढला. आणखी केले, आणखी वाढला. थांबेचना. तो कोपरा मी टोकदार ठेवलाय, काका. गोल हवा होता, टोकदार कोपऱ्यातूनच तडा जातो. आणि कारखान्यात आत्ता त्याच ब्रॅकेटला वजन टांगून बघतायत. रमेश सुपरवायझर फोन उचलत नाही."

तिथल्या गेटवरच्या वॉचमन फर्डिनंडचा नंबर माझ्याकडे होता. नाही तर तिथल्या बातम्या मला कोण देणार? मी त्याला लावून फोन संपदाला दिला; तो आपला फोन घेऊन रमेशकडे शेडमध्ये धावला. साखळीची करकर ऐकू आली.

"मॅडम, वजन वर आहे," रमेश म्हणाला.

"खाली कोण आहे?"

"दोघं."

"त्यांना बाजूला घ्या. मग सावकाश उतरवा."

संपदाने कुंपणाची तार घट्ट धरली होती. पलीकडून बराच वेळ नुसती करकर.

"ठेवलं. पण मॅडम, काही झालं नाही की."

"म्हणूनच फोन केला. तो ब्रॅकेट वापरू नका. चूक माझी आहे, शेठना मीच सांगते."

ती तिथेच मातीत बसली. "हे गावभर सांगाल ना, काका?"

"सांगणारच."

"मग चूक माझी होती, हेही सांगा."

संध्याकाळपर्यंत पार मनवेलपाड्यापर्यंत, रमेशच्या कच्च्या वेल्डिंगमुळे ब्रॅकेट बाद झाला, अशी खोटीच बातमी पोचली होती. ती मी पसरवलेली नाही. म्हणूनच खरं काय ते लिहून ठेवलं.